भुसा ओढणाऱ्या डक्टचे जोड : कामाच्या नोंदी

2 जानेवारी

आजपासून डक्टचं, म्हणजे हवा आणि भुसा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचं, काम हातात घेतलं. चकती करवत, पट्टा करवत आणि रंधा मशीन, या तिघांचा भुसा एकाच पंख्याकडे न्यायचा आहे. इतके दिवस एकच लवचीक नळी या मशीनवरून काढून त्या मशीनला लावत होतो. तिच्या आतल्या वळ्यांत हवा अडखळते, ओढ कमी पडते आणि बारीक धूळ खोलीतच तरंगत राहते. डोळ्यांना न दिसणारी हीच धूळ फुप्फुसात खोलवर जाते. म्हणून काम घाईने उरकायचं नाही, असं ठरवूनच सुरुवात केली आहे.

मुख्य नळी 150 मिमी व्यासाची, 24 गेज जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्याची, म्हणजे साधारण 0.7 मिमी जाड. फांद्या 125 आणि 100 मिमीच्या, 26 गेजच्या. त्यांची जाडी 0.55 मिमीच्या आसपास. 30 गेजच्या हलक्या नळ्या हाताळायला सोप्या असतात, पण सगळी गेट, म्हणजे प्रत्येक मशीनकडची हवा बंद करायच्या झडपा, बंद असताना पंखा चालू राहिला तर त्याची पूर्ण ओढ नळीवर येते आणि पातळ नळी चेपून चपटी होऊ शकते.

नकाशा काढून जोड मोजले. 34 भरले. खरं काम नळ्यांचं नाही, या 34 जोडांचं आहे.

3 जानेवारी

रात्री हिशोब मांडला. लाकडाचा भुसा नळीत खाली बसू नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला साधारण 20 मीटर ठेवावा लागतो. 150 मिमीच्या नळीत हा वेग म्हणजे तासाला जवळपास 1270 घनमीटर हवा.

आता एका जोडाला परिघाच्या फक्त चौथ्या भागात 1 मिमी फट राहिली असं धरू. परीघ 471 मिमी, म्हणजे फटीचं क्षेत्रफळ सुमारे 118 चौरस मिमी. पंख्याजवळ ओढ 1500 पास्कल धरली, तर त्या फटीतून हवा सेकंदाला 50 मीटरच्या हिशोबाने आत घुसू पाहते. फटीच्या कडांमुळे प्रवाह आकसतो, तो वजा केला तरी तासाला साडेबारा घनमीटरच्या वर हवा फुकट जाते. एकूण हवेचा एक टक्का. एका जोडाला एक टक्का ऐकायला काहीच वाटत नाही, पण जोड 34 आहेत. पंख्यापासून दूर ओढ कमी म्हणून गळतीही कमी, हे खरं. तरीही सगळ्यांची बेरीज शेवटच्या मशीनचा घास काढून घेते.

5 जानेवारी

आज चुण्या पाडल्या. गोल नळीचं एक टोक दुसऱ्यात घालायचं तर ते थोडं आकसायला हवं. पाच पात्यांच्या क्रिंपरने कडेला सारख्या अंतरावर चुण्या पाडायच्या, म्हणजे व्यास आपोआप कमी होतो. पहिल्या फेरीत पूर्ण दाब द्यायचा नाही. हलक्या हाताने एकदा फिरून यायचं, मग दुसऱ्या फेरीत खोल करायचं. एकदम आवळलं की टोक एका बाजूला कलतं आणि नळी सरळ बसत नाही.

चुणीचं टोक नेहमी हवा जाते त्या दिशेला तोंड करून हवं. म्हणजे मागची नळी पुढच्या नळीच्या आत शिरते आणि भुशाला समोरून कड आडवी येत नाही. उलट बसवलं तर प्रत्येक जोड भुशासाठी छोटी पायरी होते. प्रत्येक तुकड्यावर पंख्याच्या दिशेने मार्करने मोठा बाण काढला. डोक्यावर हात करून, शिडीवर उभं राहून जोडताना दिशा चुकणं फार सोपं असतं.

लांबीची शिवण सगळीकडे वरच्या बाजूला ठेवणार. शेजारच्या दोन तुकड्यांच्या शिवणी एकमेकींपासून थोड्या सरकवायच्या, नाहीतर जोडापाशी घड्यांचे इतके थर एकत्र येतात की टोक आत जातच नाही.

6 जानेवारी

दिवसभर फक्त कापणी. डावीकडे वळत कापायला लाल मुठीची कात्री, उजवीकडे हिरव्या मुठीची. कात्रीची पाती पूर्ण मिटू दिली की त्या जागी पत्र्याला बारीक काटा सुटतो, म्हणून पाती मिटायच्या आधीच पुढे सरकायचं. राहिलेले काटे कानशीने घासून काढले. हातमोजे आणि चष्मा काढला नाही.

9 जानेवारी

पहिले चार जोड स्क्रूने बांधले. 8 नंबरचे, 13 मिमी लांबीचे, षटकोनी डोक्याचे, स्वतःच भोक पाडणारे स्क्रू. गोल नळीला सारख्या अंतरावर तीन, म्हणजे 125 मिमीच्या फांदीवर दर 130 मिमीला एक.

पहिल्याच जोडावर दोन गोष्टी बिघडल्या. स्क्रूचं टोक वरच्या पत्र्यातून गेलं, खालच्या पत्र्याला टेकलं आणि त्याला भोक पाडायच्या आधी आत ढकलू लागलं. दोन पत्र्यांमध्ये नख जाईल एवढी फट पडली. मग स्क्रूचे आटे बसले ते तशाच अवस्थेत, आणि फट कायमची राहिली. स्क्रू काढला, पक्कडीने दोन्ही पत्रे जवळ दाबून धरले आणि आधी 3 मिमीचं भोक पाडलं. त्यानंतर स्क्रू दोन्ही पत्र्यांना एकदम धरू लागला.

दुसरा बिघाड ड्रिलच्या जोरामुळे. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात स्क्रूचा जेमतेम एक आटा बसतो. डोकं पत्र्याला टेकल्यावर आणखी अर्धा फेरा दिला की तो आटा सोलून निघतो आणि स्क्रू जागेवर नुसता फिरत राहतो. हाताला ते लगेच कळतं: आधी घट्टपणा वाढत जातो, मग एका क्षणी सगळा विरोध नाहीसा होतो. ड्रिलचा क्लच खालच्या आकड्यावर आणला, शेवटचा पाव फेरा हाताने.

10 जानेवारी

पत्राकामात आयुष्य घालवलेले एक मिस्त्री काका काम बघायला आले. त्यांनी बांधलेल्या जोडाच्या आत हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

“आत बोटाला काय लागतंय ते बघितलंस का?”

“स्क्रूची टोकं, काका.”

“हवेच्या डक्टला चालेल हे. तू भुसा नेणार. हा काय, काट्याचं कुंपण लावून ठेवलंयस त्याच्या वाटेवर. आणि एवढं आवळतोस कशाला? स्क्रू पत्रा धरतो, हवा नाही धरत. हवा धरायला वेगळी वस्तू असते.”

पुढे त्यांनी सांगितलं ते तसंच लिहून ठेवतो. आधी दोन टोकं अशी बसली पाहिजेत की काहीही न लावता जोड लोंबकळणार नाही. मग रिव्हेट किंवा स्क्रू, तो फक्त सरकू नये म्हणून. मग लेप, तो फक्त हवेसाठी. आणि नळीचं वजन टांगणीच्या पट्टीवर, जोडावर कधीच नाही. या चार कामांतलं एकाचं ओझं दुसऱ्यावर टाकलं की जोड कधी ना कधी सुटतो.

मुख्य नळी रिव्हेटने करायचं ठरलं. बांधून झालेले रंधा मशीनच्या फांदीवरचे चार जोड मात्र तसेच ठेवले. ते उकलून पुन्हा करायचं मन झालं नाही.

14 जानेवारी

रिव्हेटचा पूर्ण दिवस. 3.2 मिमी व्यासाचे अॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट, भोक 3.3 मिमीचं. लांबी निवडताना जोडाची जाडी अधिक व्यासाची दीडपट, असा ढोबळ हिशोब चालतो. दोन 24 गेज पत्रे म्हणजे 1.4, त्यात 4.8 मिळवले की 6.2 येतात. 6 मिमीचे रिव्हेट बरोबर बसले. लांब रिव्हेट घेतला तर आत मोठा गोळा राहतो आणि पकड ढिली होते.

तिन्ही भोकं एकदम पाडायची नाहीत. एक भोक, एक रिव्हेट, मग समोरच्या बाजूचं. आधीच सगळी पाडून ठेवली तर पहिला रिव्हेट आवळताना नळी केसभर फिरते आणि बाकीची भोकं जुळत नाहीत. भोक बाहेरच्या नळीच्या कडेपासून साधारण 12 मिमी आत घेतलं, चुणीच्या दोन घड्यांच्या मधोमध. शिवणीवर कधीच नाही, तिथे पत्र्याचे चार थर असतात आणि बिट घसरतं.

आतून बोट फिरवलं. स्क्रूच्या टोकाऐवजी आता एक बुटका, गुळगुळीत उंचवटा लागतो. भुसा त्यावरून सरकून जाईल.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. रिव्हेट ओढल्यावर आतली खीळ तुटते, तिचं डोकं रिव्हेटच्या पोटात अडकून राहतं. क्वचित ते सुटून नळीत पडतं. पोलादाचा हा दाणा पंख्याच्या पात्यावर आदळला तर ठिणगी उडू शकते, आणि आजूबाजूला कोरडी लाकडाची धूळ असते. म्हणून प्रत्येक तुकडा जोडल्यावर उभा करून ठोकला आणि आत टॉर्च मारून बघितला. दोन दाणे निघाले.

18 जानेवारी

पंख्यापासून फिल्टरच्या पेटीपर्यंत 250 बाय 200 मिमीचा चौकोनी डक्ट आहे. तिथे ‘एस’ आणि ड्राइव्ह क्लीटचा जोड केला. पत्र्याच्या जोडांत मला सर्वांत देखणा हाच वाटतो, कारण त्यात पत्राच पत्र्याला धरतो.

250 च्या वरच्या-खालच्या कडांवर ‘एस’ आकाराची पट्टी. तिला दोन खिसे असतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. एका डक्टची कड पहिल्या खिशात, समोरच्या डक्टची दुसऱ्यात. 200 च्या उभ्या कडा दोन्ही डक्टच्या बाहेर वळवून आकडा केलेला. दोन आकडे पाठीला पाठ लावून आले की त्यांवरून ड्राइव्हची पट्टी वरून खाली सरकवत ठोकायची. ही पट्टी दोन्ही कडांनी आत वळलेली असते, ती दोन्ही आकड्यांना एकमेकांकडे खेचते.

पहिली पट्टी मध्येच अडकली. हातोडी मारत राहिलो असतो तर तिचं टोक फुलून गेलं असतं. काढून पाहिलं तर एक आकडा कोपऱ्याजवळ चेपला होता. सपाट पेचकसाने तो उघडला, पट्टीच्या टोकाचे कोपरे कात्रीने किंचित तिरके कापले आणि मग लाकडी मोगरीने हळूहळू ठोकली. प्रत्येक ठोक्याला ती बोटभर खाली जात होती आणि आवाज बदलत होता: सैल असताना खडखड, आवळत आली तसा भरीव. दोन्ही टोकांना 25 मिमी शेपूट ठेवलं होतं. ते ‘एस’ पट्टीवर दुमडून ठोकल्यावर चारही कोपरे बांधले गेले.

या जोडाची कमजोर जागा म्हणजे तेच कोपरे. आणि ही बाजू पंख्याच्या पुढची आहे. पंख्याच्या मागे फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, नुकसान फक्त ओढीचं. पुढे फट राहिली तर धूळ बाहेर फुंकली जाते, तीही सर्वांत बारीक. 34 पैकी या पाच जोडांना सर्वांत जास्त जपायचं.

19 जानेवारी

पंख्याच्या तोंडाला अँगलचा फ्लँज (बोल्ट लावायची रुंद कड), मध्ये रबरी गॅस्केट, 8 मिमीचे बोल्ट. हा जोड पाती साफ करायला वरचेवर उघडावा लागणार, म्हणून इथे रिव्हेट नाही. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळले. रांगेने आवळले की गॅस्केट एका बाजूला जास्त दबतं.

22 जानेवारी

लेप लावण्याआधी एकदा पंखा चालवला. रंधा मशीनच्या तोंडापाशी नळीला बारीक भोक पाडून त्यावर पाण्याची यू आकाराची काचनळी लावली. फक्त रंध्याचं गेट उघडं ठेवलं. पाण्याच्या दोन पातळ्यांत 52 मिमीचा फरक आला. फरक जितका जास्त, तितकी ओढ जास्त. तारीख घालून भिंतीवर लिहिला. पंखा थांबल्यावर भोकाला बूच.

23 जानेवारी

हवा धरायला काय वापरायचं यावर बरेच दिवस घोळ होता, आज निकाल लावला.

कापडी टेप बाद. नाव डक्ट टेप असलं तरी डक्टवर ती टिकत नाही. 1998 साली लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत शर्मन आणि वॉकर या संशोधकांनी निरनिराळ्या टेपा आणि लेप डक्टच्या जोडांवर लावून उष्णतेत ठेवून पाहिले होते, त्यात नापास झाली ती हीच कापडी टेप. तिचा रबरी गोंद वाळतो आणि पट्टी सुटते. माझ्याकडे गरम हवा नाही, पण वाळणारा गोंद थंडीतही वाळतोच.

सिलिकॉनही बाद, दोन कारणांनी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि ते जीआयवरचा जस्ताचा थर खातं. दुसरं कारण माझ्या कामापुरतं: याच खोलीत वार्निश होतं. सिलिकॉनचा अंश लाकडावर गेला तर वार्निश त्या जागी आकसून गोल खड्डे पडतात, आणि ते घासूनही सहजी जात नाहीत.

वेल्डिंगचा विचार केलाच नाही. जस्त जळतं, त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो, आणि एवढा पातळ पत्रा वाकडा होतो तो वेगळाच.

राहिला पाण्यात मिसळणारा डक्टचा मास्टिक लेप, आणि उघडाव्या लागणाऱ्या जोडांवर अॅल्युमिनियम फॉइल टेप. नव्या जीआय पत्र्यावर तेलाचा पातळ थर असतो. तो स्पिरिटने पुसल्याशिवाय दोन्हीही नीट चिकटत नाहीत. पांढऱ्या फडक्याने एकच जोड पुसला आणि फडकं राखाडी झालं.

मास्टिक ब्रशने लावला, कडेच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं, नाण्याइतका जाड. ब्रश आधी चुण्यांच्या खाचांत उभा दाबायचा, मग आडवा फिरवायचा. नुसता आडवा फिरवला तर खाचेवर साय धरल्यासारखा पडदा बसतो आणि खाली पोकळी राहते. रिव्हेटच्या डोक्यांवरही एकेक ठिपका, कारण साध्या पॉप रिव्हेटच्या पोटातूनही हवा जाते. फिरत्या कोपरांच्या, म्हणजे कोन बदलता येणाऱ्या वळणांच्या, पाकळ्यांचे जोड विसरायचे नाहीत. एका कोपरात चार पाकळ्या, म्हणजे तीन जास्तीचे जोड. माझ्या 34 मध्ये ते धरलेच नव्हते. कोन कायम झाल्यावर तिन्ही लेपले. चौकोनी डक्टच्या कोपऱ्यांत फट मोठी होती, तिथे आधी काचतंतूंची जाळी, मग लेप.

24 जानेवारी

हात लावला नाही. वाळू दिलं.

26 जानेवारी

गळती शोधली. ओढीच्या नळीवर साबणाचं पाणी लावून काही कळत नाही, ते आत ओढलं जातं. म्हणून पंखा सोडवून नळीच्या तोंडाला छोटा ब्लोअर लावला, सगळी गेट बंद केली आणि नळी आतून फुगवली. मग जोडांवर ब्रशने फेस फिरवला. सात ठिकाणी बुडबुडे आले. त्यांतले पाच नळीच्या वरच्या, भिंतीकडच्या बाजूला, जिथे ब्रश न बघता फिरवला होता. रात्री दिवे बंद करून नळीत दिवा सोडला, तेव्हा आणखी एक जागा दिसली: चौकोनी डक्टच्या कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ. आठही जागा पुन्हा लेपल्या.

28 जानेवारी

नळीतून कोरडा भुसा पळतो तेव्हा स्थिर वीज तयार होते. धातूच्या डक्टमधून ती जमिनीत जाते, पण जोड विजेलाही जोडलेला असेल तरच. मल्टिमीटर घेऊन एकेक जोड तपासला. रिव्हेटचे सगळे ठीक. पंख्याचा फ्लँज बोल्टमुळे ठीक. फक्त लवचीक नळीच्या दोन टोकांना काही लागत नव्हतं. तिच्या प्लास्टिकमधली तार सोलून दोन्ही बाजूंना पत्र्याला स्क्रूने जोडली आणि पूर्ण डक्ट अर्थिंगला दिला.

30 जानेवारी

पंखा चालवला. त्याच काचनळीत, त्याच गेटवर 64 मिमी. आधी 52 होते. हवा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे रंध्याकडची हवा जवळपास 11 टक्के वाढली. पंखा तोच, नळ्या त्याच. आनंद झाला, लिहायला संकोच नाही.

1 मार्च

रंधा मशीनखाली भुसा सांडायला लागला. काचनळी लावली: 41. म्हणजे हवा पाचव्या भागाने घटली.

बोटांच्या पेरांनी फांदी ठोकत वर गेलो. सगळीकडे मोकळा आवाज, दुसऱ्या जोडापाशी बद्द. टेप सोडवली, स्क्रू काढले, नळी ओढली. आत रंध्याच्या लांब सालींचा घरट्यासारखा गोळा. मधली एक साल स्क्रूच्या टोकाला पीळ देऊन बसली होती, तिच्यावर दुसरी, त्यावर तिसरी, आणि त्यांच्या जाळीत बारीक भुसा इतका घट्ट भरला होता की पेचकसाने खरवडावा लागला. 9 जानेवारीचाच जोड. काकांनी हात घालून दाखवलं होतं ते हेच.

ही फांदी पुढेही उघडावी लागणार, म्हणून रिव्हेट न लावता पट्टाजोड केला: दोन्ही टोकांवरून पत्र्याचा पट्टा, आत फोमची पट्टी, एक बोल्ट. आत काहीच येत नाही. स्क्रूची जुनी भोकं आतून-बाहेरून फॉइल टेपने बुजवली. फोममुळे विजेचा संबंध तुटला होता, तो जोडावरून तार टाकून जोडला.

काचनळीत 63. स्क्रूचे उरलेले तीन जोड उद्या उघडणार.

2 मार्च

तिन्ही उघडले. दोन स्वच्छ होते, तिसऱ्यात एक साल टोकाला अडकून पंख्याच्या दिशेने वळली होती. तिन्ही जागी पट्टाजोड बसवले, तारा टाकल्या. काचनळीत 64.